घरच्या पोर्चमध्ये मॅन्युअल वाचताना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाशिकला इंदिरानगरमधील आमच्या पोर्चमध्ये कार्ब्युरेटरवाल्या (इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या) जुन्या मारुती ८००चे बॉनेट उघडे दिसले, की ‘नुसते मॅन्युअल वाचून घरी गाडी दुरुस्त करणे सुरक्षित आहे का?’ असे कोणीतरी विचारतेच. माझे उत्तर असे, की मॅन्युअल चुकीचे सांगत नाही. पण ते प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेले असते आणि लिफ्ट, सपाट फरशी, मोकळी हवा या गोष्टी हाताशी असणारच, असे त्यात गृहीत धरलेले असते. ‘गाडी उचलून चाक काढा’ या चार शब्दांमागचे सारे काम घरी आपल्यालाच भरून काढावे लागते. आमच्या पोर्चला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला आहे, म्हणून तिथे मी गाडी उचलतच नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावतो आणि घोड्यांवर, म्हणजे गाडीला खालून आधार देणाऱ्या स्टँडवर, गाडीचा भार आल्याखेरीज खाली हातही घालत नाही. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. या जागा व बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढण्यासारख्या सूचना सुरुवातीच्या प्रकरणात असतात, आणि लोक नेमके तेच प्रकरण वगळतात.

मॅन्युअल आपल्याच गाडीचे आहे का, हेही पाहावे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८००चे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. मधल्या काळात कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारण्याची पद्धत, आले. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही पेट्रोलच्या नळीत दाब राहतो आणि तो आधी उतरवावा लागतो. कार्ब्युरेटरच्या काळातील पुस्तकात याचा उल्लेख सापडणार नाही. त्यामुळे मुखपृष्ठावरील नावापेक्षा चॅसिस क्रमांक जुळवणे अधिक खात्रीचे.

आकड्यांबाबत मी फार काटेकोर आहे, हट्टी म्हटले तरी चालेल. जुन्या मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा, बहुधा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, तर बाजारातील टॉर्क रेंचवर (तेवढ्याच जोराने आवळणाऱ्या पान्यावर) न्यूटन-मीटर. पहिल्यातील १ म्हणजे दुसऱ्यातील सुमारे ९.८. त्यात पुसट झेरॉक्सवर दशांशचिन्ह दिसले नाही, तर १.८ चे १८ होतात आणि इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधील (वरच्या भागातील) स्पार्क प्लगचे आटे जातात. आकडा संशयास्पद वाटला, की दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मी पाना फिरवत नाही.

काही सूचना मात्र काळानेच जुन्या केल्या आहेत. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायला सांगितलेले असेल, तर तसे करू नये. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये (घासल्या जाणाऱ्या थरात) श्वासावाटे घातक ठरणारा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपावी. नाशिकच्या थंडीत दार लावून इंजिन चालू ठेवण्याचा मोह होतो, पण इंजिनाच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ब्रेकचे सिलिंडर आणि स्टिअरिंग यांची पाने मी वाचतो, पण ते काम गॅरेजमध्येच देतो. वाचलेले असल्यामुळे मिस्त्रींना कोणता भाग बदलला आणि कोणता नुसता साफ केला, हे नेमके विचारता येते.