कोड आहेच ना, मग वर्णन कशाला?

हा प्रश्न मला टीममध्ये नवीन लागलेली मुलं विचारतात, जुने लोक जरा खवचटपणे विचारतात, आणि गणपतीत घरी येणारे आमचे काका दर वर्षी नव्याने विचारतात. काकांना मी ‘कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं काम असतं’ एवढंच सांगून मोदकांचं ताट पुढे करते. तुम्ही मात्र नीट विचारलंत, म्हणून जरा बसून सांगते. माझं काम म्हणजे प्रोग्राम आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, यांच्यात जे निरोप जातात-येतात, त्यांचं वर्णन मशीनलाही वाचता येईल अशा फाइलींत लिहून ठेवणं. त्या निरोपांच्या पद्धतीचं नाव नेटलिंक.

आधी दादर. माझी मामेबहीण सांगलीहून पहिल्यांदाच एकटी आली होती. मी कांजूरमार्गला राहते, तेव्हा तिला फोनवर बजावलं होतं, स्लो गाडीच पकड. संध्याकाळच्या गर्दीत तिने इंडिकेटर पाहिला: आधी ‘एस’, मग वेळ, मग ‘एफ’. एस म्हणजे स्लो, आणि एफ म्हणजे फर्स्ट क्लासचं काहीतरी असेल, असं तिने ठरवलं आणि चढली. गाडी कांजूरला ढुंकूनही न बघता ठाण्याला गेली. मध्य रेल्वेवर पहिल्या जागी एस आलं तर ते कर्जत, कसाऱ्याला एन. शेवटच्या जागी एस आलं तरच ते स्लो. घरी आल्यावर तिने विचारलं, ‘हे कुठे लिहून ठेवलंय?’ मला उत्तर देता येईना. मला स्वतःला कुणी सांगितलं होतं, तेही आठवेना.

नेटलिंकचं अगदी असंच आहे. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला आयपी पत्ता द्यायचा, रूट, म्हणजे पॅकेटने जायची वाट, घालायचा, पोर्ट बंद करायचा, तर कर्नलपर्यंत निरोप जातो तो नेटलिंक नावाच्या सॉकेटवरून, म्हणजे बोलायच्या नळीवरून. निरोपाच्या सुरुवातीला १६ बाइटांचं हेडर. त्यामागे त्या-त्या कामाचं एक छोटं हेडर, आणि मग ॲट्रिब्यूट, म्हणजे माहितीचे सुटे तुकडे, एकामागून एक. प्रत्येक ॲट्रिब्यूटच्या डोक्यावर ४ बाइट, आणि त्यांत दोनच आकडे: लांबी आणि क्रमांक. लिंकच्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या, निरोपात क्रमांक ३ म्हणजे कार्डाचं नाव. रूटच्या निरोपात तोच ३ म्हणजे पॅकेट कोणत्या कार्डावरून आत आलं ते. यातलं काहीही त्या बाइटांवर लिहिलेलं नसतं. ज्याला माहीत आहे, त्यालाच माहीत.

मला माहीत नव्हतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी, तेव्हाच्या नोकरीत, आमच्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडने, स्वतःचे वेगळे निरोप ठरवले होते आणि ते वाचणारा पायथनचा प्रोग्राम माझ्याकडे आला. लिहिला, माझ्या टेबलावरच्या मशीनवर छान चालला. लॅबमध्ये नेला तर पोर्टच्या नावानंतरचे सगळे आकडे कचरा. दोन दिवस मी ड्रायव्हरवाल्यांना शिव्या दिल्या. चूक माझीच होती. लॅबमधल्या पोर्टचं नाव ४ अक्षरांचं. शेवटचा शून्य बाइट धरून ५, वर हेडरचे ४, म्हणून लांबी ९ लिहिलेली. पण पुढचं ॲट्रिब्यूट नवव्या बाइटनंतर सुरू होत नाही, बाराव्यानंतर होतं, कारण प्रत्येक ॲट्रिब्यूट मागे रिकामे बाइट भरून ४च्या पटीत आणून ठेवायचं असतं आणि ते भरलेले बाइट, म्हणजे पॅडिंग, लांबीत धरत नाहीत. माझ्या टेबलावरच्या पोर्टचं नाव होतं ७ अक्षरांचं. ७ आणि १ आठ, आणि ४ बारा. पॅडिंगची वेळच आली नव्हती. हे मला शेवटी सांगितलं शेजारच्या टीममधल्या एकाने, खालच्या टपरीवर, सिगरेट विझवता विझवता. ‘तुलाही लागलं का ते?’ म्हणाला.

त्या ‘तुलाही’ने माझं डोकं जास्त फिरलं. म्हणजे सी, पायथन, गो, रस्ट अशा प्रत्येक भाषेत कुणीतरी हेच वाचन पुन्हा हाताने लिहीत होतं आणि त्याच खड्ड्यात पाय घालत होतं. नेटलिंकवर लिहिलेलं काही नव्हतं असं नाही. २००३ साली आरएफसी ३५४९ हा इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला दस्तऐवज निघाला, त्यात निरोपांची रचना मांडलेली आहे. पण ते माणसांनी वाचायचं, आणि माणसं कंटाळा करतात. मीही केलाच होता.

२०२३मध्ये आलेल्या ६.३ कर्नलपासून चित्र बदललं. कर्नलच्या नेटवर्कच्या भागावर काम करणाऱ्या याकूब किचिन्स्की यांनी पुढाकार घेऊन नेटलिंकच्या प्रत्येक कुटुंबासाठी एक यॅमल फाइल, म्हणजे ठरावीक मांडणीतली साध्या मजकुराची फाइल, लिहायची पद्धत सुरू केली. कुटुंब म्हणजे एका कामाच्या निरोपांचा संच. कोणती ॲट्रिब्यूट, कोणत्या प्रकारची, कोणत्या कमांडमध्ये काय पाठवायचं आणि काय परत येतं, एवढंच त्या फाइलीत. मग त्याच फाइलीतून क्रमांकांच्या व्याख्यांची सी भाषेतली फाइल तयार होते, आलेला निरोप तपासायचं कर्नलमधलं कोष्टक तयार होतं, यूजरस्पेसचा, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांचा, कोड तयार होतो आणि माणसांसाठीचं पानही तयार होतं. पायथनचं एक टूल तर काही तयार न करता ती फाइल थेट वाचून कर्नलशी बोलतं. माझा ९ आणि १२चा घोळ तिथे एकदाच, एकाच ठिकाणी सोडवलेला असतो.

तर काकांना न दिलेलं उत्तर हे. नुसतं डॉक्युमेंटेशन चुकलं, तर ते वर्षानुवर्षं चुकीचंच पडून राहतं, कुणाला पत्ता लागत नाही. ही फाइल चुकली तर त्याच दुपारी काहीतरी फुटतं आणि कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं.

‘पण फाइल लिहायला एवढा वेळ का लागतो?’ हा पुढचा प्रश्न. नवीन कुटुंब असेल तर लागत नाही. एकच पथ्य: ॲट्रिब्यूटचे क्रमांक सहसा लिहीत नाहीत, ते यादीतल्या जागेवरून १पासून आपोआप पडतात. त्यामुळे नवीन नाव कायम शेवटी. मधे घुसवलंत की खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि जुने प्रोग्राम मेले. एका मुलाने ‘अक्षरानुक्रमे लावलं, छान दिसतं’ म्हणून अशी फाइल पाठवली होती. त्याला मी रेशनच्या रांगेचं उदाहरण दिलं. त्याने रेशनची रांग कधी पाहिलीच नव्हती.

खरा वेळ खातात ती जुनी कुटुंबं. तिथे नियम आधी नव्हते, सवयी होत्या. इथटूल या कार्डाच्या सेटिंग्ज बघायच्या-बदलायच्या टूलच्या निरोपांत कर्नलकडे जाणाऱ्या कमांडचे क्रमांक वेगळे आणि कर्नलकडून येणाऱ्यांचे वेगळे मोजले जातात. एकच आकडा, अपला एक अर्थ, डाउनला दुसरा. लिंकच्या निरोपात एक ‘डेटा’ नावाचं गाठोडं असतं. आत काय आहे ते शेजारच्या ‘काइंड’ या शब्दावरून ठरतं. तो व्हीलॅन असेल तर एक यादी, ब्रिज असेल तर साफ निराळी; हे दोन्ही सॉफ्टवेअरमधले नेटवर्कचे प्रकार. हे सगळं स्कीमात, म्हणजे फाइलीत काय-काय लिहिता येईल त्याच्या नियमांत, मांडायचं म्हटलं की मोह होतो, चला, ‘जर-तर’ही घालूया. हे ॲट्रिब्यूट असेल तर ते नको, ते असेल तर हे किमान इतकं. मी या मोहाच्या सक्त विरोधात आहे. जर-तर घालत गेलं की स्कीमाची प्रोग्रामिंग भाषा होते, आणि मग ती वाचायला पुन्हा टपरीवर जावं लागतं. ते तपासायचं काम कर्नलच्या सी कोडचं. ते तिथेच राहू दे.

कर्नलवाल्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी एकच स्कीमा न ठेवता चार ठेवले. नव्या कुटुंबांनी कडक, स्वच्छ स्कीमा पाळायचा. जुन्यांच्या खोडींसाठी ‘लेगसी’ आणि ‘रॉ’ असे वेगळे, सैल स्कीमा आहेत. घरातल्या पसाऱ्यासाठी माळा असावा तसे. पसारा नाकारलेला नाही, पण नव्या माणसाच्या पायात येत नाही.

जाता जाता यॅमलबद्दल एक तक्रार. पायथनमध्ये नेहमी वापरली जाणारी लायब्ररी अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला ‘ऑफ’ किंवा ‘नो’ हा शब्द खरं-खोटंमधलं ‘खोटं’ समजते. पोर्टच्या अवस्थांच्या यादीत ‘ऑफ’ असणारच. माझी त्यात गेलेली दुपार मी इथे मोजत नाही.

सध्या आमच्या जुन्या ड्रायव्हरच्या एका ॲट्रिब्यूटवर अडकलेय. कर्नलमधला कोड त्यातला १ बाइट वाचतो. आमचं टूल पहिल्या दिवसापासून ४ बाइट पाठवतंय. इंटेलच्या मशीनवर आकड्याचा सर्वात लहान किमतीचा बाइट आधी येतो, म्हणून कर्नल उचलतो तो नेमका हवा तोच, आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट्या क्रमाच्या प्रोसेसरवर तिथे कायम शून्य वाचलं गेलं असतं. आता फाइलीत प्रकार काय लिहू? ४ बाइट लिहिले तर टूल बरोबर आणि फाइल खोटी. १ लिहिला तर फाइल खरी, पण तपासणी कडक केली की ग्राहकांकडे असलेली टूल्स बंद पडणार.

सोमवारी बरीच वादावादी झाली. मी १ बाइट लिहिलाय, खाली दोन ओळींत टूलची हकिगत टाकलीय, आणि या एका ॲट्रिब्यूटपुरती तपासणी जुन्यासारखीच सैल ठेवलीय.