लेट्टो-फोर्बेक: काडतुसं मोजून लढलेला सेनापती

१९ जानेवारी १९१५, पहिलं महायुद्ध. जर्मन पूर्व आफ्रिकेच्या उत्तर सरहद्दीवर, समुद्राजवळच्या यासिन ठाण्यातल्या, ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या हिंदी शिबंदीने दारूगोळा संपल्यावर शस्त्रं खाली ठेवली. काश्मीर संस्थानच्या पलटणीचे कर्नल रघुबीर सिंग आदल्या दिवशीच पडले होते. लढाई जर्मनांनी जिंकली, पण त्यांचा सेनापती पाउल फॉन लेट्टो-फोर्बेक काही समाधानी नव्हता. दोन दिवसांत त्याची २ लाख काडतुसं उडाली होती. मोजकेच असलेले अनुभवी अधिकारी कामी आले होते. ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी असल्याने यातलं काहीच भरून निघणार नव्हतं. त्याने सरळ हिशेब मांडला: अशा फार तर तीन लढाया आणखी परवडतील.

पुढची जवळजवळ चार वर्षं तो याच हिशेबावर लढला. त्याच्याविषयीच्या लिखाणात शौर्य, दिलदारपणा, ‘आफ्रिकेचा सिंह’ वगैरे पुष्कळ सापडतं. माझ्या मते त्याचं खरं कसब दोन गोष्टींत होतं: पुरवठ्याची बेरीज-वजाबाकी, आणि ती वजाबाकी दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं.

घराणं पोमेरेनियातलं, जहागीरदारी वळणाचं. वडील प्रशियाच्या सैन्यात जनरल. याचा जन्म २० मार्च १८७०चा, झारलुईसचा. कॅडेट शाळा, १८९० मध्ये कमिशन, पुढे जनरल स्टाफ, म्हणजे त्या वर्गातल्या मुलाचा ठरलेला रस्ता. वेगळेपण सुरू होतं ते समुद्रापार. १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी तो चीनला गेला. १९०४ पासून जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जनरल फॉन ट्रोथाच्या स्टाफवर होता. हेरेरो या तिथल्या जमातीच्या संहाराचा हुकूम काढणारा तो हाच ट्रोथा. लेट्टोची चरित्रं या दोन-तीन वर्षांवरून चटकन पुढे सरकतात, पण वसाहतीतलं युद्ध तो शिकला ते तिथेच. नामा टोळ्यांच्या छोट्या घोडदळांनी जर्मन तुकड्यांना कसं दमवलं, हे त्याने पाहिलं. १९०६ मध्ये जखमी होऊन त्याचा डावा डोळाही तिथेच अधू झाला.

जानेवारी १९१४ मध्ये तो दार-एस-सलामला उतरला. ही वसाहत म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, रवांडा आणि बुरुंडी. जर्मनीच्या जवळपास दुप्पट. तिच्या रक्षणाला होते जेमतेम २६० जर्मन आणि अडीच हजारांच्या आसपास अस्कारी, म्हणजे आफ्रिकी शिपाई, १४ फील्ड कंपन्यांत वाटलेले. या कंपनीची रचना समजली की पुढचं बरंच उलगडतं. दीड-दोनशे अस्कारी, पंधरा-वीस जर्मन, दोन-तीन मशिनगन, आणि तितकेच किंवा त्याहून जास्त हमाल. प्रत्येक कंपनी स्वतःचा शिधा, दवाखाना, दारूगोळा घेऊन एकटी हिंडू शकत असे. युरोपात असल्या तुकडीला कुणी विचारलं नसतं. इथे मात्र नेमकी तीच हवी होती. बहुतेक कंपन्यांच्या हातात मात्र १८७१च्या बंदुका होत्या: ११ मिलिमीटर, एका वेळी एक गोळी, काळी दारू. बार काढला की धुराचा ढग, आणि ढग दिसला की समोरचा मशिनगनवाला नेम धरणार. त्यामुळे नव्या बंदुका मिळवणं ही त्याची पहिल्या दिवसापासूनची निकड होती. त्या शत्रूकडूनच मिळाल्या.

त्यासाठी टांगा या बंदराची लढाई जरा बारकाईने पाहायला हवी. ब्रिटिशांची ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स बी’ ही हिंदी फौज मुंबईहून १६ ऑक्टोबर १९१४ला निघाली. मेजर जनरल एटकेन यांच्या हाताखाली साधारण आठ हजार माणसं होती. त्यांत जुन्या मुंबई फौजेतली १०१वी ग्रेनेडियर्स होती, मद्रासकडची ६३वी पालमकोट्टा, १३वी राजपूत, काश्मीरच्या पलटणी, शिवाय शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानची अर्धी पलटण. या तुकड्या पूर्वी कधी एकत्र लढल्या नव्हत्या. काहींच्या हातात नव्या रायफली निघताना पडल्या होत्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ जहाजांच्या पोटात काढून ही माणसं थेट लढाईत उतरणार होती.

२ नोव्हेंबरला ‘फॉक्स’ या युद्धनौकेचा कप्तान कॉलफील्ड टांगा बंदरात शिरला आणि शहर हवाली करा म्हणून मुदत दिली. जर्मन जिल्हाधिकाऱ्याने वेळ काढला आणि तारा पाठवल्या. मग बंदरात सुरुंग असतील म्हणून ब्रिटिशांनी पाणी तपासण्यात आणखी वेळ घालवला. सुरुंग नव्हतेच. एवढ्यात लेट्टोने किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीहून उसांबारा रेल्वेने कंपन्या हलवायला सुरुवात केली. मार्ग साडेतीनशे किलोमीटरचा, एकेरी, आणि इंजिनं मोजकी. गाडीमागून गाडी सोडत ४ तारखेपर्यंत त्याने हजाराच्या आसपास बंदुका टांगात उभ्या केल्या. हल्ल्याआधीच्या रात्री तो स्वतः सायकलवर बसून दोन सोबत्यांसह रिकाम्या शहरातून धक्क्यापर्यंत गेला आणि समोर दिवे लावून उभी असलेली जहाजं पाहून आला. एटकेनने मात्र पुढची जमीन नीट तपासलीच नव्हती.

४ तारखेला दुपारी खारफुटी आणि रबराच्या मळ्यांतून ब्रिटिश फळी पुढे सरकली. झाडीत तुकड्यांचा एकमेकांशी संपर्क तुटला. काश्मिरी आणि लँकेशायरच्या गोऱ्या पलटणीचे शिपाई शहरात घुसलेही, पण डावी बाजू उघडी पडली, आणि राखून ठेवलेली कंपनी मशिनगनसह लेट्टोने नेमकी तिथेच घातली. १०१वी ग्रेनेडियर्स त्या माऱ्यात सापडली. मधमाश्यांनी ब्रिटिशांना पळवलं ही कथा भलतीच लोकप्रिय आहे. पोळी गोळ्यांनी फुटली होती आणि माश्या दोन्ही बाजूंना डसल्या. गंमत म्हणजे रात्री बिगुलाच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे जर्मन कंपन्याही शहराबाहेर तळावर परतल्या. टांगा रात्रभर रिकामं होतं आणि ब्रिटिशांना पत्ता नव्हता. ५ तारखेला ते जहाजांवर चढले, ८०० हून अधिक मृत-जखमी सोसून आणि सामान किनाऱ्यावर टाकून: ४५५ रायफली, १६ मशिनगन, ६ लाख काडतुसं. लेट्टोच्या तीनेक कंपन्यांची काळी दारू इथे सुटली.

यासिननंतर त्याने मोठ्या लढाया टाळल्या आणि सरहद्दीपलीकडच्या ब्रिटिशांच्या युगांडा रेल्वेवर आठ-दहा जणांच्या टोळ्या सोडायला सुरुवात केली. टोळी छोटी, कारण वाटेत पाणी नाही. तहानेने माणसं गेली ती शत्रूच्या गोळीपेक्षा कमी नसावीत.

आत वसाहतीत मात्र चक्क कारखानदारी उभी राहिली. अमानीच्या कृषी संशोधन केंद्रात सिंकोनाच्या सालीपासून हिवतापावरचं कोयनेल काढलं जाई. गोळ्या संपल्या की साल उकळून कडूजहर काढा. शिपाई त्याला ‘लेट्टो श्नाप्स’ म्हणत. हातमागावरचं कापड झाडाच्या मुळ्या-सालींनी खाकी रंगवलं जाई, कातड्याचे बूट शिवले जात, खोबऱ्यापासून मोटारीचं इंधन निघे. वसाहतीचं चलन रुपया होतं, कारण त्या किनाऱ्यावरचा व्यापार आधीपासून हिंदी व्यापाऱ्यांच्या हातात. नाणी तुटली तेव्हा १९१६ मध्ये टाबोराच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हत्तीचं चित्र असलेली १५ रुपयांची सोन्याची नाणी पाडली गेली. आज नाणेसंग्राहक त्यांच्या मागे असतात.

एप्रिल १९१५ मध्ये ‘रुबेन्स’ हे जहाज डॅनिश सोंग घेऊन मांझा खाडीपर्यंत पोहोचलं. ब्रिटिश क्रूझर मागे लागल्यावर कप्तानाने ते उथळ पाण्यात बसवलं आणि डेकवर आग लावून दिली. जहाज जळालं असं समजून ब्रिटिश निघून गेले. मग बुड्या मारणाऱ्या माणसांनी माल वर काढला. खाऱ्या पाण्यात भिजलेलं काडतूस सुकवून भागत नाही; बार पेटवणारी टोपी आणि दारू दोन्हींत ओल जाते. म्हणून ती एकेक करून उघडली, दारू वाळवली, पुन्हा भरली. तरी फुसकी निघतच. रुफिजीच्या मुखात जुलै १९१५ मध्ये बुडालेल्या ‘क्योनिग्सबेर्ग’ युद्धनौकेच्या दहाही १०.५ सेंटिमीटर तोफा काढून त्यांना गाडे बसवले; त्या ओढायला शेकडो माणसं लागत. नोव्हेंबर १९१७ मध्ये बल्गेरियातून १५ टन सामान घेऊन एल-५९ झेपेलिन हे हवाई जहाज निघालं, ते खार्तूमच्या पुढून परत फिरलं. ९५ तासांचं उड्डाण, हाती काही नाही.

१९१६ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूचा जनरल स्मट्स दक्षिण आफ्रिकेचं घोडदळ घेऊन आला. तो बगल मारून वेढा घालू पाहायचा, लेट्टो वेढा पुरा होण्याआधी निसटायचा. त्सेत्से माशीने घोडे-खेचरं हजारोंनी मारली आणि स्मट्सचा पुरवठाही हमालांच्या डोक्यावर आला. इथे गणित क्रूर आहे. हमाल २५ ते ३० किलो उचलतो आणि रोज पाऊण ते एक किलो धान्य खातो. तळापासून दहा दिवसांच्या वाटेवर धान्य न्यायचं तर जाऊन-येऊन वीस दिवसांत तो आपल्याच ओझ्यातलं निम्म्याहून जास्त संपवतो. जितकं पुढे जाल तितकं आघाडीला कमी पोचतं. लेट्टो मागे हटत होता, म्हणजे आपल्याच कोठारांकडे जात होता. पाठलाग करणारा आपल्या कोठारांपासून दूर जात होता.

ऑक्टोबर १९१७ मध्ये वसाहतीच्या दक्षिणेतल्या माहिवाला त्याने स्वतःचाच नियम मोडून चार दिवस ठाण मांडून लढाई केली. दीड हजार माणसांनी ब्रिटिशांचे २,७०० घायाळ-मृत केले. त्याचे पाचशेच्या वर गेले. त्याला बढती मिळाली, पण दारूगोळा संपला. त्यानंतर त्याने केलेली छाटणी मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा जास्त बोलकी वाटते. आजारी, जखमी, दमलेले सगळे मागे ठेवले, शत्रूच्या हाती जाऊ दिले. जितक्यांना काडतुसं आणि कोयनेल पुरेल तितकेच, तीनशेच्या आसपास युरोपीय आणि दोन हजारांच्या आत अस्कारी, घेऊन २५ नोव्हेंबरला पोर्तुगीज मोझांबिकच्या सरहद्दीवरची रुवुमा नदी ओलांडली आणि नगोमानोचं पोर्तुगीज ठाणं लुटलं. तिथे अडीच लाख काडतुसं मिळाली. पुढचे दहा महिने मोझांबिकमध्ये हेच: ठाणं गाठा, घ्या, खा, निघा. दोन तास चाल, अर्धा तास विसावा, दिवसाला सहा तास, म्हणजे २५-३० किलोमीटर. बायका-मुलंही रांगेत.

खाणं मात्र गावांतून येई, आणि मागे काहीच उरत नसे. त्याच्याच तुकडीतला डॉक्टर लुडविग डेप्पे याने लिहून ठेवलं आहे की आपल्या वाटेवर लुटलेली कोठारं, ओसाड गावं आणि उपासमार राहते. आधी जर्मनांनी, मग ब्रिटिशांनी धान्य, गुरं आणि माणसं नेल्यावर डोडोमाकडच्या गोगो मुलखात दुष्काळ पडला; त्यात अंदाजे ३० हजार मेले. ब्रिटिशांच्या बाजूचे सुमारे एक लाख हमाल मेले, बहुतेक हगवण, हिवताप आणि अर्धपोटी राहण्याने. लेट्टोच्या बाजूच्या हमालांची धड नोंदही नाही, आणि काडतुसं एकेक मोजणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट मला सोडून देता येत नाही.

१३ नोव्हेंबर १९१८ला त्याने उत्तर ऱ्होडेशियातलं, म्हणजे आजच्या झांबियातलं, कासामा घेतलं. युरोपात युद्ध थांबून दोन दिवस झाले होते. २५ तारखेला अबेरकॉर्नला त्याने शस्त्रं खाली ठेवली: १५५ युरोपीय, १,१६८ अस्कारी. ३७ मशिनगनपैकी ३० ब्रिटिश, आणि रायफली सगळ्या ब्रिटिश किंवा पोर्तुगीज. काडतुसं २ लाख ८ हजार, म्हणजे यासिनला दोन दिवसांत उडाली तेवढी अजून शिल्लक होती.

त्याचा दावा असा की आपण शत्रूची फौज आफ्रिकेत अडकवून जर्मनीवरचा ताण कमी केला. हा दावा अर्धाच पटतो. जहाजं आणि पैसा अडकला, हे खरं. पण विरुद्ध बाजूचे बहुतेक शिपाई हिंदी, आफ्रिकी, दक्षिण आफ्रिकी होते. त्यांतले आफ्रिकी तर युरोपात फ्लँडर्सच्या खंदकात तसेही गेले नसते. पश्चिम आघाडीवर त्याचा फरक दाखवता येईल अशी एकही लढाई मला सापडत नाही.

मार्च १९१९ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजातून त्याची मिरवणूक निघाली. वर्ष उलटतंय तोच तो सरकार उलथू पाहणाऱ्या काप्पच्या बंडात प्रजासत्ताकाविरुद्ध उभा राहिला आणि सैन्यातून गेला. १९२८ ते १९३० उजव्या राष्ट्रवादी पक्षाचा राइशटागमधला, म्हणजे जर्मन संसदेतला, सभासद. नाझी पक्षात तो गेला नाही. पण लोकशाहीही त्याला मानवली नव्हती, हे त्याचे चाहते सांगायचं विसरतात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही मुलगे गेले. ९ मार्च १९६४ला हॅम्बर्गमध्ये तो वारला. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या संसदेने हयात अस्कारींची पगाराची थकबाकी द्यायचं ठरवलं.

जर्मन लष्कराच्या ज्या बराकींना त्याचं नाव होतं, ती नावं अलीकडे उतरली किंवा बराकीच बंद झाल्या. दक्षिण टांझानियातल्या तेंदागुरूच्या खडकांत सापडलेल्या एका छोट्या डायनोसोरला मात्र १९१९ मध्ये ‘डिसालोटोसॉरस लेट्टोफोर्बेकी’ हे नाव दिलं गेलं, आणि प्राणिशास्त्रीय नामकरणाचे नियम अशी नावं बदलू देत नसल्याने ते आजही तसंच आहे.