जेवतानाच येणारी सूज

पहिल्यांदा सूज आली ती जेवायला बसल्यावर. दोन-तीन घास खाल्ले आणि उजव्या जबड्याखाली ताणल्यासारखी कळ उठली. हात लावला तर सुपारीएवढा टणक उंचवटा लागला. तास-दीड तासात तो आपोआप ओसरला, म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नाही. पुढे हेच वारंवार होऊ लागले, तेव्हा अक्कलदाढेचे दुखणे असावे असे समजून मी दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी त्या दाढेपुरता एक्स-रे काढून वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि माझे दोन महिने त्यातच गेले.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "सूज नेमकी केव्हा येते?" मी "जेवताना" असे सांगताच त्यांनी हातमोजा घालून एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून तिथली लाळग्रंथी चाचपली, आणि मग मला आरसा दिला. जिभेखालच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना लाळवाहिनीची बारीक तोंडे असतात. ग्रंथी दाबल्यावर डाव्या तोंडातून लाळेचा स्वच्छ थेंब आला. उजवी बाजू कोरडीच राहिली.

सोनोग्राफीत वाहिनीच्या तोंडाजवळ 4 मिलिमीटरचा खडा दिसला. लाळग्रंथींतील सुमारे 80 टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात, कारण तिची लाळ घट्ट असते आणि वाहिनी लांब असून वरच्या दिशेने जाते. जेवताना लाळ एकदम वाढते, वाट अडलेली असल्याने ती मागे तुंबते आणि ग्रंथी फुगते. माझ्या दुखण्याचे सगळे उत्तर त्या वेळेतच होते, आणि तेवढीच गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, याची मला आजही हळहळ वाटते.

ताप येतो का, जिभेखाली पू किंवा खारट-घाण चव जाणवते का, तोंडाबरोबर डोळेही सतत कोरडे पडतात का, हेही त्यांनी विचारले. पू आणि ताप असल्यास जंतुसंसर्गाची, तर दोन्हीकडच्या दीर्घकाळच्या कोरडेपणात शोग्रेन सिंड्रोमसारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते अशा, आजाराची शंका घेतात. जेवणाशी संबंध नसलेली, न दुखणारी आणि हळूहळू वाढणारी गाठ असेल, तर ती दुखत नाही म्हणून थांबू नये, हे त्यांनी दोनदा बजावले. त्यातच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली, तर एक दिवसही दवडायचा नसतो.

माझा खडा लहान आणि तोंडाशीच असल्याने भरपूर पाणी, लाळ सुटण्यासाठी आंबट गोळ्या, शेक आणि ग्रंथीवर मागून पुढे हलका मसाज, एवढ्यावर वाट पाहायचे ठरले. अकराव्या दिवशी चूळ भरताना जिभेखाली काहीतरी टोचले आणि पिवळसर, खरखरीत कण हातात आला. फेरतपासणीला मी स्वतःच आरसा मागून घेतला. ग्रंथी दाबताच उजवीकडेही थेंब आला.