करून घेतले नाहीत, झाले

"केस कुठे कुरळे करून घेतलेत?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. कधी बँकेत काउंटरच्या पलीकडून, कधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कधी लग्नाच्या पंगतीत. करून घेतले नाहीत, आपोआप झाले, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग लावता काय?" विचारणाऱ्या बहुतेक जणी पंचेचाळिशी-पन्नाशीच्या असतात आणि बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या कानामागे जातो. तो हात दिसला की माझ्या लक्षात येतं, विचारायचंय ते त्यांच्याच केसांबद्दल. काउंटरवर मागे रांग असते, दोन वाक्यांत सांगून होत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत तर आज सविस्तर सांगते.

माझे केस जन्मापासून सरळ. गुहागरला शाळेत असताना आई रविवारी मागच्या पडवीत पाटावर बसवायची, डोकं तेलाने थबथबवायची आणि फणीने केस असे ओढायची की भुवया वर जायच्या. दोन वेण्या, लाल रिबिनी, वर दुमडून बांधलेल्या. केस इतके गुळगुळीत की संध्याकाळपर्यंत एक तरी रिबीन घसरलेली असायची. पुढे लग्न, नोकरी, पुणं, तरी केसांचं गणित तेच राहिलं. आठवड्याला तेल, सकाळी फणी, घट्ट वेणी, संपलं. केसांचा विचार करावा लागतो हेच मला माहीत नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मानेवरचे आणि कानामागचे केस पिंजारल्यासारखे दिसायला लागले. आम्ही वाघोलीत राहतो, वर्षातले कितीतरी महिने टँकरचं पाणी. म्हटलं, पाण्याने होत असेल. तेल वाढवलं, जास्त वेळा विंचरायला लागले, वेणी आणखी आवळली. केस कोरडे असताना फणी फिरवली की ते बसायच्या ऐवजी फुगायचे आणि फणीत गुंतवळ निघायचं. त्या सुमारास एका पार्लरमध्ये मला सांगितलं गेलं की केस खराब झालेत, स्मूदनिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करून घेणं, हा एकच उपाय आहे. साडेसहा हजार रुपये भरून मी ते करून घेतलं. महिनाभर केस पुन्हा शाळेतल्यासारखे सरळ होते.

पाच महिन्यांनी एका रविवारी गळलेला एक केस मी पांढऱ्या कागदावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात नीट पाहिला. एका टोकाला मुळाचा पांढरा ठिपका होता. ठिपक्यापासून सहा सेंटिमीटरपर्यंत केसाला स्पष्ट वळण होतं, कोयरीच्या शेपटीसारखं. त्यापुढे एकदम सरळ रेघ. पट्टीने मोजलं म्हणून सहा म्हणते. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पार्लरमधून आल्यानंतर जेवढा उगवला तेवढा सगळा वळण घेऊनच बाहेर आला होता. त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की हे केस खराब झालेले नाहीत, हे वेगळे केस आहेत. सरळ केसांचे सगळे उपचार मी दुसऱ्याच कुणाच्या तरी केसांवर करत होते.

वळण संपून सरळ भाग सुरू होतो त्या सांध्यावरच ते पटापट तुटायचे, तेही तेव्हाच कळलं. स्मूदनिंगमध्ये रसायनाने केसातले पक्के बंध तोडून केस सरळ केलेला असतो आणि तो भाग कायमचा कमजोर होतो. मुळाला त्याचं काहीच नसतं, ते आपला केस घडवत राहतं. शिवाय आता ग्लायऑक्झिलिक ॲसिड असलेल्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. माझ्यापुरतं तो विषय बंद आहे आणि माझ्या बहिणीलाही मी तेच निक्षून सांगितलं.

पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हे तुम्हीही करा. केसांचा पोत अचानक बदलला, गळणं वाढलं, तर थायरॉइड आणि लोह आधी बघायचं, जेल-बिल नंतर. माझं थायरॉइड ठीक निघालं, फेरिटिन कमी होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहाने लोह अंगी नीट लागत नाही. गळणं चार-पाच महिन्यांत आटोक्यात आलं. वळण मात्र तसंच राहिलं.

डॉक्टरांनी ते कागदावर काढून दाखवलं. केस ज्या रोमकूपातून उगवतो तो गोल आणि सरळ असेल तर केस सरळ येतो. रोमकूप लंबगोल किंवा तिरपा झाला की केसाची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी घडते आणि केस वळतो. भारतात बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. त्याच्या आगेमागे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, टाळूचा तेलकटपणा घटतो, रोमकूपही बदलतात. पांढरे केस तर अनेकींचे मुळातच राठ आणि वळणाचे येतात. हे सगळं एकदम होत नाही, त्यामुळे डोक्यावर दोन-तीन प्रकारचे केस एकत्र नांदत असतात. माझे वरचे अजून बऱ्यापैकी सरळ आहेत, खालचे चांगले कुरळे.

आता लावता काय, त्याचं उत्तर. खरं सांगायचं तर काय लावता यापेक्षा केस ओले असताना काय करता याला जास्त महत्त्व आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यातले काही बंध कच्चे असतात, पाण्याने सुटणारे. केस भिजला की ते सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. लहानपणी आपण ओल्या केसांच्या बारीक वेण्या घालून झोपायचो आणि सकाळी गॅदरिंगला लाटा मिरवायचो ना, ते हेच. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेलं की माझे केस गाडीतच फुगायला लागतात तेही यामुळेच, हवेतलं पाणी केसात शिरतं आणि बंध पुन्हा सुटतात. म्हणजे न्हाऊन बाहेर आल्यापासून केस वाळेपर्यंतचा दीड-दोन तास, तेवढाच काय तो आपल्या हातात.

मी आठवड्यातून दोनदा न्हाते. आधी तासभर नारळाचं तेल, अगदी चमचाभर, तेही टोकांना जास्त. नारळाचं तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केस कमी फुगू देतं, म्हणून ते न्हाण्याआधी. रात्रभर थबथबवण्याची गरज नाही, ते काढायला दुप्पट शॅम्पू लागतो आणि केस पुन्हा कोरडे होतात. शॅम्पू फक्त टाळूला, पाण्याबरोबर खाली उतरतो तेवढा टोकांना पुरतो. मग कंडिशनर भरपूर, आणि तो केसात असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दात्यांच्या कंगव्याने, टोकांकडून वर. आठवड्यातलं विंचरणं तेवढंच. कोरड्या केसांना मी आता फणी लावत नाही. सगळ्यात जास्त फरक मला या एका गोष्टीने पडला आणि तिला एक पैसा लागत नाही.

टँकरचं पाणी जड असतं, त्यातल्या कॅल्शियमचा थर केसांवर बसतो. म्हणून शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घेते. गावाला आई शिकेकाई-रिठे उकळून, पंचातून गाळून ते पाणी वापरते, ते उत्तम चालतं. वळणाच्या केसांत शिकेकाईची पूड थेट चोळू नका, कण अडकतात आणि काढताना केस तुटतात.

जेल जवसाचं, घरी केलेलं. जवस म्हणजे आपण चटणी करतो तेच. दोन चमचे जवस दीड वाटी पाण्यात मंद आचेवर ठेवायचे आणि ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांनी पाणी दाट होतं, चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तिथेच गॅस बंद करून गरम असतानाच गाळायचं. गार होऊ दिलंत तर ते बियांना असं धरून बसतं की कितीही पिळा, सुटत नाही. मी पहिल्या वेळी अख्खा घाणा असा घालवला. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास आला की टाकून द्यायचं.

केसांतून पाणी ठिबकत असतानाच हे जेल तळहातांना माखून बटांवरून फिरवायचं. मान एका बाजूला कलती करून बटा ओंजळीत घ्यायच्या आणि खालून वर दाबायच्या, पिळायच्या नाहीत. चळक चळक असा ओला आवाज आला पाहिजे, आवाज आला नाही तर पाणी कमी आहे. मग पंचा. जाड टर्किश टॉवेलने खसाखसा पुसलं की सगळी मेहनत गेली. सुती पंचात केस गोळा करून दहा मिनिटं बांधून ठेवायचे, जास्तीचं पाणी तो शोषून घेतो. आमच्या आज्या पंचाच वापरायच्या, टॉवेल आपण मागून आणले.

आणि मग हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. वाळताना बटा पापडासारख्या कडक होतात, पुष्कळ जणी तिथेच घाबरून पुन्हा धुतात. पूर्ण वाळू द्या. मग दोन थेंब तेल हाताला लावून बटा मुठीत दाबा, कडकपणा मोडतो आणि खाली मऊ वळण निघतं. रात्री मी केस सैल वर बांधते आणि उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घालते, सुती अभ्र्यावर केस घासले जातात. एवढंच. नीट जमायला मला आठ-नऊ महिने लागले आणि पार्लरचा भाग कापून जाईपर्यंत दोन वर्षं.

या सगळ्यात मला त्रास झाला तो लोकांच्या एका शब्दाचा. "पिंजारलेले." मोकळे, फुगलेले केस म्हणजे बाईला कसलं तरी दुःख आहे नाहीतर तिचं घराकडे लक्ष नाही, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. चापूनचोपून बसवलेले केस म्हणजे नीटनेटकी बाई. मीही तसंच मानत आले होते. आता बँकेत केस मोकळे सोडून जाते, मला ते सुंदर वाटतात, आणि हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात गुहागरला गेले. आईने पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "अगो, केसांना फणी नाही का लावलीस?" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन आली आणि पडवीत पाठमोरी बसली. वय अठ्ठ्याहत्तर, हात आता मागे नीट पोचत नाहीत, म्हणून पंचा मी घेतला. तिचा अंबाडा मी आयुष्यभर पाहिलाय, पण ओले मोकळे केस इतक्या जवळून कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. पांढरेशुभ्र, आणि मानेपासून खाली माझ्यासारखंच वळण.

"आई, तुझे केस कुरळे आहेत."

"छे गो, अंबाड्याच्या पिळाने झालेत. तू कॉलेजात होतीस तेव्हापासून असेच होतात. म्हणून तर तेलाने चोपून बसवते."

पिळाने होत असते तर न्हाल्यावर गेले असते, असं मी तिला म्हटलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग एक बट पुढे ओढून डोळ्यांजवळ नेली, सोडली, ती परत वळली. पुन्हा ओढली.

"तू ते जवस किती मिनिटं उकळतेस म्हणालीस?"