ऑफिस टॉवरमध्ये ग्राफिक्स कार्ड: वॅट पुरले, वायर नाही

यंत्र: ऑफिसातून निघालेला पूर्ण उंचीचा टॉवर. इंटेल कोअर आय५-८५०० (६ कोअर, ६ थ्रेड), डीडीआर४-२६६६ रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, २६० वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा), बोर्डावर लांबीने एक्स१६ (१६ लेनचे, म्हणजे माहिती नेणाऱ्या १६ वाटांचे) दिसणारे दोन स्लॉट. डिस्प्ले सध्या प्रोसेसरमधल्याच यूएचडी ६३० ग्राफिक्सवर. अपेक्षा माफक: १०८०पी वर मध्यम सेटिंगला गेम चालावेत आणि व्हिडिओ एन्कोडिंग कार्डाकडे जावं.

उमेदवार पाच. आरटीएक्स ४०६० (११५ वॅट), आरएक्स ६६०० (१३२ वॅट), आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती (७० वॅट), आरएक्स ६४०० (५३ वॅट) आणि आर्क ए३८० (७५ वॅट). बेंचमार्कचे तक्ते बाजूला ठेवून तपासणीला सुरुवात केली, कारण अशा यंत्रात कार्ड आपण निवडत नाही. यंत्राची सगळ्यात अडचणीची जागा ते निवडते. ती जागा कोणती, एवढंच शोधायचं असतं.

एसएमपीएसचा स्टिकर

डब्यावरचा २६० हा आकडा वाचून थांबू नका. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते महत्त्वाचं. इथे १२ व्होल्टच्या दोन रेल (वेगवेगळ्या लाइन) आहेत: ए १६ अँपिअर, बी १६ अँपिअर. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट, दोनदा धरले तर ३८४. पण एकूण मर्यादा २६० च आहे, म्हणजे दोन्ही रेलची बेरीज करायची नाही. ही चूक सर्रास होते. प्रत्येक रेलचा आकडा ही त्या रेलची वरची हद्द असते, वाटा नव्हे.

कोणती रेल कुठे जाते हेही बघावं लागतं. या यंत्रात प्रोसेसरचा ४ पिनचा कनेक्टर बी रेलवर आहे आणि बोर्डाचा मुख्य कनेक्टर ए रेलवर. स्लॉटमधून कार्डाला मिळणारी वीज बोर्डातून, म्हणजे ए रेलवरून येते. प्रोसेसर वेगळ्या रेलवर असणं ही चांगली गोष्ट.

मग भिंतीच्या सॉकेटवर वॅटमीटर लावून मोजलं. रिकामं यंत्र २४ वॅट. ओसीसीटी या ताण देणाऱ्या प्रोग्रामने सगळे कोअर जुंपल्यावर सुरुवातीला १०४, टर्बोची (थोडा वेळ वाढवलेल्या वेगाची) मुदत संपल्यावर ८८. मीटर दाखवतो ती भिंतीतून ओढलेली वीज. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आतल्या भागांना सुमारे ७५ ते ८८ वॅट पोहोचतात. वरचा आकडा धरून त्यात ४०६० चे ११५ मिळवले तर २०३. कागदावर बसतं. ६६०० सुद्धा २२० वर बसतं, जरा अंग चोरून. क्षणिक उसळ्यांचा विचार केला तर तेवढी जागा मला पुरेशी वाटत नाही. आधुनिक कार्ड काही मायक्रोसेकंद त्याच्या छापील आकड्याच्या बरंच वर जातं. एटीएक्स ३.० या डेस्कटॉप एसएमपीएसच्या २०२२ च्या मानकात एसएमपीएसने अशा उसळ्या पचवाव्यात अशी अट घातली गेली, ती याचमुळे. जुन्या ऑफिस एसएमपीएसला अशी कसलीच अट नव्हती.

वायर मोजल्या आणि यादी निम्म्यावर आली

एसएमपीएसमधून बाहेर येतं काय? बोर्डाचा कनेक्टर, प्रोसेसरचा ४ पिनचा कनेक्टर, बस्स. कार्डाला वीज देणारा ६ पिन नाही, ८ पिन नाही. जुना ४ पिनचा मोलेक्ससुद्धा नाही. हार्ड डिस्कचं साटा पॉवर बोर्डावरच्या छोट्या कनेक्टरमधून निघतं. ४०६० आणि ६६०० दोघांनाही ८ पिन लागतो. वॅटचं गणित जमत असूनही दोन्ही बाद.

इथे हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे साटामधून ८ पिन काढणारा ॲडॉप्टर. तो का वापरायचा नाही ते आकड्यांत पाहा. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर. एकूण ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनच्या कनेक्टरकडून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. पिना तापतात, प्लास्टिक मऊ होतं, संपर्क सैल होतो, मग त्या आणखी तापतात. ज्या यंत्रांत साटाची वीज बोर्डाच्या तांब्याच्या पट्टीवरून येते तिथे धोका कनेक्टरवर थांबत नाही, बोर्डावर जातो. दोन साटा जोडून एक ८ पिन बनवला तरी दोन्ही शेवटी त्याच छोट्या कनेक्टरला लटकलेले असतात.

प्रोसेसरचा ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिन दिसायला भाऊ, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडची जागा उलटसुलट. प्रोसेसरचा ४ अधिक ४ असा सुटतो, कार्डाचा ६ अधिक २. खाचांचे आकार वेगळे असल्याने सरळ बसत नाहीत. जोर लावून बसवणारे मात्र भेटतात.

उरले स्लॉटवर चालणारे: ३०५० ची ६ जीबी आवृत्ती, ६४०० आणि ए३८० ची जादा कनेक्टर नसलेली मॉडेलं. एक्स१६ स्लॉटची मानक मर्यादा ७५ वॅट. त्यात १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर म्हणजे ६६ वॅट, बाकीचे ३.३ व्होल्टवर. पण काही ऑफिस यंत्रांच्या, विशेषतः बुटक्या कॅबिनेटवाल्यांच्या, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्लॉटसाठी ७५ पेक्षा कमी मर्यादा लिहिलेली असते. या टॉवरच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या स्लॉटला ७५ आहे. तो परिच्छेद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३०५० बाबत एक सावधगिरी. त्याच नावाची ८ जीबी आवृत्ती १३० वॅटची आहे, तिला जादा कनेक्टर लागतो, तिच्यात २५६० कुडा कोअर (कार्डातले गणना करणारे भाग) आणि १२८ बिटची मेमरी बस आहे. ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. फक्त मेमरी कापलेली नाही, कार्डच वेगळं आहे. खोक्यावर ६ जीबी लिहिलेलं असलं तरी त्या विशिष्ट मॉडेलच्या फोटोत वरच्या कडेला पॉवरचं सॉकेट नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

दोन लांब स्लॉट, पण खरा एकच

प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारली की सोनेरी संपर्क टोकापर्यंत दिसतात. दुसऱ्यात ते पहिल्या चतुर्थांशातच संपतात. तो चिपसेटकडून (बोर्डावरच्या साहाय्यक चिपकडून) येणारा एक्स४ आहे, आणि चिपसेटचा प्रोसेसरशी असलेला दुवा त्याला साटा, यूएसबी, नेटवर्क यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागतो. कार्ड पहिल्यातच.

स्लॉटचा पीसीआय एक्सप्रेस दुवा पिढी ३.० चा. एक्स१६ वर सुमारे १५.७५ जीबी प्रतिसेकंद, एक्स८ वर ७.८८, एक्स४ वर ३.९४. इथे ६४०० अडतं. ते कार्ड पिढी ४.० चं असलं तरी त्याला लेन चारच, म्हणजे या बोर्डावर ३.९४. त्यात मेमरी ४ जीबी. टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) ४ जीबीत मावले नाहीत की ते मुख्य रॅममधून याच अरुंद वाटेने येतात आणि गेम ठेचकाळत चालतो. शिवाय त्यात हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे अर्धी अपेक्षा तिथेच गेली. ५३ वॅटवर समाधान असणाऱ्या आणि पिढी ४.० चा बोर्ड असणाऱ्याला ते चालेल. इथे नाही. ३०५० ला आठ लेन आहेत. ७.८८ जीबी आणि ६ जीबी मेमरी ही जोडी निभते.

आर्क ए३८० एन्कोडिंगसाठी सगळ्यात मोहात पाडणारं, एव्ही१ या व्हिडिओ प्रकाराचा एन्कोडर असलेलं. पण आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावा लागतो, नाहीतर गेममधला वेग बराच घसरतो. या बोर्डाच्या बायोसमध्ये (मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तो पर्यायच नाही. केवळ एन्कोडिंगचं यंत्र असतं तर निवड ए३८० चीच झाली असती. इथे निवड ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीची.

टेप घेऊन

लांबी मोजायची ती मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून समोर जे पहिलं आडवं येईल तिथपर्यंत. इथे हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६८ मिमी. पण पिंजऱ्यात डिस्क असली की तिची साटा केबल कार्डाच्या दिशेने डोकावते, म्हणून ३० मिमी वजा. उरले २३८. एक पंख्याचं ३०५० साधारण २०० मिमीच्या आत येतं, तेव्हा लांबीची चिंता नाही. जाडीची थोडी आहे. दोन स्लॉटचं कार्ड सुमारे ४० मिमी खातं, आणि त्याखाली पंख्याला हवा ओढायला निदान एका स्लॉटची जागा मोकळी हवी.

फसवतात त्या दोन बारीक गोष्टी. पहिली, स्लॉटखालचे साटा पोर्ट. ते सरळ वर तोंड करून असतील तर जाड कार्डाखाली केबल मावत नाही. काटकोनी टोकाची केबल लागते. दुसरी, ऑफिस कॅबिनेटच्या मागे स्क्रूऐवजी असणारी प्लास्टिकची झडप. जाड पट्टीचं कार्ड घातलं की ती बंद होत नाही. इथे झडपेची आतली कड किंचित तासावी लागली.

मॉनिटरच्या मागेही बघून घ्या. या कार्डांवर व्हीजीए नसतो. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए काढायला चिप असलेला ॲक्टिव्ह ॲडॉप्टर लागतो, नुसती वायर चालत नाही.

कार्ड घालण्याआधी

बायोस अद्ययावत केला, कारण कार्ड बसवल्यावर पडदा काळा राहिला तर दोष कोणाचा ते सांगता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर तो आधी स्थगित करा, नाहीतर पुढच्या बूटला रिकव्हरी की मागतो. डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल आणि बायोस लेगसी (जुन्या) मोडमध्ये असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआर२जीपीटी वापरून आधी तपासणी आणि मग जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर. त्यानंतर यूईएफआय (नवा) मोड. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर तपासणीच नापास होते. बॅकअप घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

रॅमची दुसरी ८ जीबी पट्टी घातली. एकच पट्टी म्हणजे एकच चॅनल, आणि सहा कोअरचा हा प्रोसेसर गेममध्ये रॅमची वाट बघत बसतो. सरासरी फ्रेमपेक्षा मधले झटके कमी होतात, फरक तिथे कळतो. सीपीयू-झेड या यंत्राची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबवर दोन चॅनल दिसले की झालं. डीरॅमची वारंवारिता १३३३ दिसली तर घाबरू नये, डीडीआरमध्ये ती दुप्पट धरायची.

प्रोसेसर कार्डाला पुरेल का, हे यूएचडी ६३० वर कळत नाही; ते स्वतःच आधी थकतं. जुनं कुठलंही कार्ड तात्पुरतं मिळालं तर तोच गेम १०८०पी वर आणि मग ७२०पी वर चालवा. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढल्या नाहीत तर तो आकडा म्हणजे प्रोसेसरची कमाल. त्याहून तगडं कार्ड त्या गेमला काही देणार नाही.

बसवलं, मोजलं

कॉर्ड काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवलं, कॅबिनेटच्या धातूला हात लावला, कार्ड सरळ खाली दाबलं, स्लॉटच्या टोकाची खुंटी टक् वाजली. मॉनिटरची केबल आता कार्डाला. ती बोर्डाला ठेवून "कार्ड चालत नाही" म्हणणारे कमी नाहीत.

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी एक्स८, पिढी १.१ दिसलं. निवांत असताना कार्ड दुवा मुद्दाम मंद करतं. शेजारच्या प्रश्नचिन्हातली चाचणी चालवल्यावर ३.० झालं. भाराखालीही एक्स४ किंवा १.१ वरच अडकलं तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा संपर्क मळलेत.

प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम जुंपून अर्धा तास: भिंतीवर १७९ वॅट. १२ व्होल्ट सॉफ्टवेअरवर विसंबून बघू नका. मल्टिमीटरची टोकं प्रोसेसरच्या ४ पिनमध्ये मागून, पिवळी आणि काळी वायर धरून लावली. पण ही झाली बी रेल, म्हणून बोर्डाच्या मुख्य कनेक्टरवर ए रेलही मोजली. निवांत १२.१४, भाराखाली १२.०१. मानकात ११.४० ते १२.६० चालतं, पण सतत ११.६ च्या खाली उतरणाऱ्या एसएमपीएसवर मी कार्ड ठेवणार नाही.

बिघाड झाला तर त्याची तऱ्हा बघा. यंत्र एकदम बंद पडून बटणालाही दाद देत नसेल तर एसएमपीएसच्या संरक्षणाने वीज तोडलीय. कॉर्ड काढून थोडं थांबावं लागतं. पडदा काळा, पंखा पूर्ण वेगात, आवाज मात्र चालू: कार्ड स्लॉटवरून निसटलंय किंवा त्याची वीज कमी पडतेय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ दिसला तर त्यातून एवढंच कळतं की यंत्र नीट बंद झालं नाही. कारण त्यात नसतं. डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) १७ च्या रांगा मात्र पीसीआय दुव्यातल्या दुरुस्त झालेल्या चुका असतात. तेव्हा आधी कार्ड काढून पुन्हा बसवा.

एसएमपीएस बदलायचा झाला तर

४०६० चा मोह सुटत नसेल त्यांच्यासाठी. या बोर्डाला २४ पिन लागत नाही, त्याचा कनेक्टर उत्पादकाचा खास आहे. २४ पिनमधून तो काढणाऱ्या केबल मिळतात, पण पिनांची मांडणी मॉडेलगणिक बदलते. केबल लावण्याआधी जुन्या एसएमपीएसच्या प्रत्येक पिनचं व्होल्टेज मोजून कागदावर उतरवा आणि नव्या केबलचं तसंच मोजून जुळवा. स्टँडबायची (यंत्र बंद असतानाही चालू राहणारी) लाइन विशेष बघा: नेहमीच्या एटीएक्समध्ये ती ५ व्होल्टची, अशा बऱ्याच खास एसएमपीएसमध्ये ११ किंवा १२ व्होल्टच्या आसपास. तिथे वाढवून देणारं छोटं सर्किट असलेली केबलच लागते, नुसत्या वायर जोडलेली केबल लावली तर बोर्ड उठत नाही. आणि हे सगळं करण्याआधी मागच्या चार स्क्रूंची भोकं मोजा. इथे त्यांतली दोनच एटीएक्सशी जुळतात.