तिसऱ्या गिअरला नुसती रेघ

पुतण्याच्या मोटारसायकलचा मीटर पहिला, दुसरा, चौथा, पाचवा असे सगळे गिअर बरोबर दाखवायचा. तिसरा टाकला की आकड्याच्या जागी आडवी रेघ. गणपतीनंतर सुरू झालेलं दुखणं. कुंभार्ली घाट चढताना गाडी बराच वेळ तिसऱ्यावरच असते, त्यामुळे चिपळूणहून कराडला जाताना ती रेघच त्याच्यासमोर. मेकॅनिकने काही न उघडताच सांगून टाकलं, "मीटर गेलाय, अख्खा बदलावा लागेल." किंमत ऐकून पोरगा माझ्याकडे आला. मी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग केलं. मीटर गेला हे मी सगळ्यात शेवटी मानतो.

आणि इथे तर तो गेलेला नाही हे दिसतच होतं. मीटरवरचा आकडा सात दांड्यांनी बनतो. तीनला त्यातल्या पाच लागतात आणि त्या पाचही दांड्या दोन, चार, पाच या आकड्यांत कुठे ना कुठे पेटतातच. दोन आणि पाच स्वच्छ दिसतात, मग तीनच्या दांड्या मेल्या कशा?

बसमध्ये असला मीटर लागत नाही, गिअरचा दांडा कुठे आहे त्यावरून हाताला गिअर कळतो. मोटारसायकलचा पायातला लिव्हर मात्र प्रत्येक वेळी परत त्याच जागी येतो. आत गिअरचा ड्रम फिरतो, त्याच्या टोकाला स्प्रिंगवरची एक छोटी पिन असते आणि समोरच्या प्लास्टिकच्या चकतीवर प्रत्येक गिअरचा वेगळा धातूचा ठिपका. हाच गिअरचा सेन्सर. पिन ज्या ठिपक्यावर बसेल त्याची वायर अर्थ होते, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडली जाते. मीटर तेवढंच बघतो. सगळ्याच गाड्यांत असं नसतं. काहींत सिग्नलची एकच वायर असते आणि गिअरप्रमाणे तिच्यावरचा व्होल्टेज बदलतो. तिथे पुढे सांगितलेला, वायरीला अर्थ देण्याचा प्रयोग करू नका. आमच्या गाडीत सेन्सरच्या वायरी मीटरच्या वायरींना जोडणाऱ्या प्लगमध्ये, म्हणजे कपलरमध्ये, सहा वायरी होत्या : न्यूट्रल आणि पाच गिअर. म्हणजे पहिलाच प्रकार.

गाडी डबल स्टँडवर घेतली, चावी बंद, कपलर सोडवला. मल्टीमीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक इंजिनच्या उघड्या बोल्टला, दुसरं सेन्सरकडून आलेल्या एकेका वायरीला. पुतण्या मागचं चाक हाताने फिरवत गिअर टाकत होता. चाक फिरवल्याशिवाय बंद गाडीत गिअर नीट पडत नाहीत. पाच वायरी आपापल्या गिअरला वाजल्या. एक कशालाच वाजेना. तीच तिसऱ्याची. मग चावी चालू करून मीटरच्या बाजूला तिच्या समोरच्या पिनला वायरच्या तुकड्याने अर्थ दिला. मीटरवर ठसठशीत ३.

"काका, मग सेन्सर?" सेन्सर बदलायचा तर काही गाड्यांत आधी ऑइल काढावं लागतं, ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं, नवी लागते. म्हणून आधी स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या पुढच्या दातेरी चाकाचं, कव्हर खोललं. आत चेनचं ग्रीस आणि लाल चिखल यांचा काळा थर. तो पुसून, सेन्सरला अगदी चिकटून त्याच वायरीत टाचणी टोचली आणि तिसऱ्या गिअरमध्ये तपासलं. बीप! सेन्सर ठीक. तुटलंय ते सेन्सर आणि कपलर यांच्या मधल्या हातभर वायरीत.

बोटाने चाचपत गेलो. वायरी धरून ठेवणारी क्लिप मोडली होती आणि जुडगा लोंबून चेनला घासत होता. एका ठिकाणी वायर नको इतकी मऊ लागली. वरचं आवरण किंचित कापलेलं, आत तांब्याला हिरवा कळंक चढून त्याचा भुगा झालेला. कोकणातल्या पावसाला एवढीशी फट पुरते, पाणी वायरीच्या आतून ओढलं जातं. तांबं चकचकीत दिसेपर्यंत दोन्हीकडून वायर कापली, मध्ये नवा तुकडा घालून सोल्डरचा डाग दिला, वर स्लीव्ह तापवून बसवली. नुसती पिळून टेप गुंडाळली असती तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

शेजारची न्यूट्रलची वायरही थोडी सोललेली होती, आणि मला खरी धास्ती तिची वाटली. वायर तुटली तर आकडा जातो. फार तर सेल्फ मारताना क्लच दाबावा लागतो. पण तीच वायर सोलून बॉडीला टेकली तर गाडी गिअरमध्ये असतानाही न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो. दिव्यावर विसंबून क्लच न दाबता सेल्फ मारला की गाडी पुढे उडी घेते. म्हणून पूर्ण जुडग्यावर नवी नळी चढवली आणि चेनपासून लांब, नव्या क्लिपने आवळून टाकला.

सगळा खर्च स्लीव्ह, नळी आणि क्लिपचा. पुतण्या खूश होऊन म्हणाला, आता मीटरमधलं घड्याळ मागे पडतं तेवढं बघा. म्हटलं, ते खरंच मीटरच्या आतलं आहे, त्याला मी हात लावणार नाही. मोबाइल बघ.