विटांना रंग न लावता : ओहायोतील रँच घराचे बाह्यरूप बदलताना आलेला अनुभव

कोलंबस शहराच्या उत्तरेकडील एका उपनगरात आम्ही घेतलेले घर १९६२ साली बांधलेले आहे. ते एकमजली, लांबट आणि तांबूस तपकिरी विटांचे असून अमेरिकेत अशा घराला रँच म्हणतात. १९३०च्या दशकात गृहरचनाकार क्लिफ मे यांनी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे जुन्या स्पॅनिश वाड्यांच्या धर्तीवर, अंगणाभोवती पसरलेली बैठी घरे बांधायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सवलतीची गृहकर्जे मिळू लागली, शहराबाहेरची मोकळी जमीन मोटारीच्या टप्प्यात आली आणि हीच घरे, आकाराने आटोपशीर होऊन, देशभर उभी राहिली. ओहायोत त्यांना विटांच्या भिंती मिळाल्या हे स्वाभाविकच होते, कारण या राज्यात वीट भाजण्याचा धंदा जुना आहे. कॅन्टनची बेल्डन कंपनी १८८५ पासून तेच करीत आली आहे.

आम्ही घर घेतले तेव्हा भिंती भक्कम होत्या, पण समोरून घर थकलेले दिसत असे. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खोट्या झडपा, दारापुढच्या छपराला वेलबुट्टीचे लोखंडी खांब, वळचणीखाली पांढरे पत्रे आणि विटांवरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या पन्हळनळ्या. ज्या ज्या व्यावसायिकाला बोलावले त्याने पहिला सल्ला एकच दिला: सगळ्या विटा पांढऱ्या रंगवा, खिडक्यांच्या चौकटी काळ्या करा, घर लगेच आधुनिक दिसेल. आमच्या रस्त्यावरच्या काही घरांनी तसे केलेही आहे. छायाचित्रात ते छान दिसते, हे मी नाकारत नाही. तरीही मला हा मार्ग पटला नाही, आणि का पटला नाही हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघाले.

या काळातल्या रँच घराची वीट घराचे वजन पेलत नाही. वजन आतला लाकडी सांगाडा पेलतो; वीट त्याच्याबाहेर साधारण एक इंच पोकळी सोडून, एका विटेच्या जाडीची, धातूच्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधलेली असते. पावसाचे पाणी विटेत आणि दरजांमध्ये, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमध्ये, मुरणार हे गृहीतच धरलेले असते. ते पाणी पोकळीतून खाली उतरते आणि तळाच्या थरात ठेवलेल्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. उरलेली ओल विटेच्या पृष्ठभागातून सुकून जाते. प्लॅस्टिकसारखा पातळ थर धरणारा रंग लावला की हे सुकणे मंदावते. ओहायोच्या हिवाळ्यात तापमान गोठणबिंदूच्या वरखाली सतत होत असते. अडकलेले पाणी गोठून फुगते आणि विटेचा पुढचा पापुद्रा सुटतो. शिवाय एकदा रंगवलेली वीट पुन्हा उघडी करणे जवळपास अशक्य असते. वाळूचा मारा करून रंग काढला तर भट्टीत तयार झालेली विटेची कठीण कातडीही जाते आणि मागे उरते ती पाणी शोषणारी मऊ वीट.

ओल बाहेर जाऊ देणारे पर्याय आहेत, आणि आम्ही त्यांचा गंभीरपणे विचार केला. एक म्हणजे चुन्याची सफेदी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, विटेत मुरतो आणि ओल अडवत नाही. मात्र काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. दुसरा पर्याय सिलिकेट रंगांचा, ज्यांची पद्धत जर्मनीत आडोल्फ कायम यांनी १८७८ मध्ये सिद्ध केली. हे रंग विटेतील खनिजांशी रासायनिक बंध जोडतात. मागच्या भिंतीवर सफेदीचा एक नमुना लावून आम्ही तो वेगवेगळ्या उजेडात पाहिला. चुना सुंदरच दिसला. पण शेजारच्या उघड्या विटेत तांबडा, तपकिरी आणि लोहाचे काळसर ठिपके असे तीन-चार रंग एकत्र नांदत होते, आणि त्यांच्यापुढे ती सफेदी मला सपाट वाटली. वीट उघडीच ठेवायची, हे त्या भिंतीपाशी ठरले.

भारतातील नातेवाइकांना हा निर्णय समजावणे सोपे नव्हते. आपल्याकडे वीटभट्टीची वीट मऊ असते, तिला गिलाव्याचे संरक्षण लागते, त्यामुळे उघडी वीट म्हणजे अर्धवट राहिलेले घर, अशी बहुतेकांची समजूत असते. माझे वडील सातारा जिल्ह्यात सरकारी बांधकामावर देखरेख करीत असत. त्यांनी मात्र व्हिडिओ कॉलवर भिंत जवळून दाखवायला सांगितली, खालच्या थरावर आलेला पांढरा लोणा पाहिला आणि एवढेच म्हणाले, “रंगाचं नंतर बघ रे. आधी पाणी कुठून येतंय ते शोध.” कामाचा क्रम त्यांच्या या वाक्याने ठरला.

पाणी तीन ठिकाणांहून येत होते. पन्हळी अरुंद होत्या आणि त्यांच्या नळ्या पायाशीच पाणी ओतत होत्या. घराभोवतीची माती वर्षानुवर्षांच्या बागकामामुळे भिंतीकडे उतरत होती. इथल्या बांधकाम नियमानुसार पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच तरी बाहेर उतरायला हवी. त्या मातीने तळाची पाणी बाहेर सोडणारी छिद्रेही बुजवली होती. तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची होती. खिडकीवरच्या विटा ज्या लोखंडी अँगलवर टेकतात, त्या लिंटेलच्या आणि विटेच्या मधली फट आधीच्या कोणीतरी सीलंटने लिंपून टाकली होती. गवंड्याने पातळ पात्याने तो रबरासारखा पट्टा ओढून काढला, तेव्हा त्याच्या मागची बाजू गंजाने नारिंगी झालेली होती आणि फटीतून ओलसर, काळपट भुकटी खिडकीच्या सिलवर पडली. ती फट मोकळीच असायला हवी, कारण पोकळीतले पाणी तिथूनही बाहेर पडते. ती बंद केली की पाणी लोखंडावर साठते, लोखंड गंजून फुगते आणि वरच्या विटा उचलते. आमच्या सुदैवाने गंज वरवरचा होता. लोखंड घासून, गंजरोधक प्रायमर लावून, वर गडद रंग देऊन काम भागले.

दरजा भरण्याच्या कामात मी सर्वाधिक चौकशी केली, कारण चुकीच्या मिश्रणाने विटेचे नुकसान होते. नवे मिश्रण विटेपेक्षा नेहमी मऊ असावे लागते. भिंत उन्हाने प्रसरण पावते, थंडीने आकुंचन पावते. त्या हालचालीत काहीतरी झिजणार असेल तर ते दरजेतले मिश्रण झिजावे, वीट नव्हे. आमच्या गवंड्याने एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असे मिश्रण वापरले. जुने मिश्रण त्याने दरजेच्या उंचीच्या दुपटीहून थोडे अधिक खोल खरवडून काढले, मगच नवे थराथराने दाबून भरले. रंग जुळवण्यासाठी त्याने जुन्या मिश्रणाचा तुकडा कुटून त्यातली वाळू पाहिली, आणि वाळूचा पिवळसर रंग जुळल्यावर कोणतेही रंगद्रव्य घालावे लागले नाही. वाळल्यानंतर नवे आणि जुने काम वेगळे ओळखता आले नाही. इतके निगुतीने काम करणारा माणूस मिळाला याचा मला आजही आनंद वाटतो.

रूप बदलण्याचा विचार त्यानंतर सुरू झाला. मी घराचे समोरून काढलेले छायाचित्र मोठे छापून घेतले, त्यावर ट्रेसिंग कागद ठेवला आणि दिसणाऱ्या प्रत्येक उभ्या रेषेवर पेन्सिल फिरवली. लांब, बसके घर म्हणजे खरे तर एक अखंड आडवी रेषा. पण कागदावर पांढऱ्या झडपा, नळ्या आणि खांब यांनी तिचे तुकडे केलेले स्पष्ट दिसले. याच शहराजवळ वर्दिंग्टन येथे रश क्रीक व्हिलेज नावाची वसाहत आहे. थिओडोर व्हॅन फॉसेन यांनी १९५०च्या दशकापासून प्रसिद्ध अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या विचारांच्या प्रभावाखाली तिथली घरे आखली. ती विटांची रँच नव्हेत, तरी रुंद वळचणी, मातीचे रंग आणि झाडांखाली विसावलेले आडवे छप्पर तिथे पाहिल्यावर आमच्या घरात काय लपले आहे ते मला कळले. नवीन काही चिकटवण्याआधी अडथळे काढायचे, असे आम्ही ठरवले.

झडपा काढल्या. त्यांच्यामागची वीट ऊन-पावसापासून झाकलेली राहिल्याने अधिक लाल होती. आजूबाजूची भिंत मऊ ब्रश, पाणी आणि सौम्य साबणाने धुतल्यावर तो फरक बराच मिटला. नळ्यांना विटेच्या जवळचा तपकिरी रंग दिल्यावर त्या जणू नाहीशाच झाल्या. जुन्या लाकडी पट्ट्यांवरचा रंग खरवडण्यापूर्वी मात्र शिशाची चाचणी करून घेतली. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरात ही काळजी घ्यावीच लागते. २०१० पासून असे काम पैसे घेऊन करणारा ठेकेदार त्यासाठी प्रमाणित असणेही बंधनकारक आहे.

खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खिडक्यांनी घेतला, आणि फरकही त्यांनीच पाडला. दिवाणखान्याची मोठी खिडकी आम्हाला जमिनीपर्यंत आणायची होती. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खिडकी रुंद करायची झाली तर वरचा लिंटेल आणि लाकडी तुळई दोन्ही बदलावे लागतात. पण रुंदी तीच ठेवून ती फक्त खाली वाढवली तर वरच्या भाराला हात लागत नाही, केवळ खालच्या विटा आणि सांगाड्याचा आखूड भाग निघतो. परवाना आणि तपासणी तरीही लागते. काच जमिनीपासून अठरा इंचांच्या आत आणि नऊ चौरस फुटांहून मोठी असल्याने, शिवाय समोरून लोकांची ये-जा असल्याने, ती कडक केलेली सुरक्षा काच असणे नियमाने आवश्यक ठरले. गवंड्याने करवतीने सरळ रेघ कापण्यास नकार दिला. सरळ कापले तर विटेचा आतला रंगहीन भाग दोन्ही बाजूंना दिसत राहतो. त्याने एकाआड एक थरातली पूर्ण वीट काढली आणि तिच्या जागी मूळ भाजलेली टोकाची बाजू बाहेर येईल अशी अर्धी वीट बसवली. निघालेल्या विटांतून दाराजवळची मोडकळीस आलेली झाडांची कुंडी त्याने नव्याने बांधून दिली, त्यामुळे जुळणारी वीट शोधण्याची वेळच आली नाही.

वळचणीखालचे पत्रे काढून तिथे देवदाराच्या अरुंद फळ्या लावल्या. माळ्यावर हवा खेळती राहावी म्हणून फळ्यांमध्ये जाळीची एक सलग पट्टी ठेवली. ती विसरली तर उन्हाळ्यात माळा तापतो आणि हिवाळ्यात तिथे दमटपणा साचतो. वेलबुट्टीचे खांब छपराचा भार घेत होते, म्हणून आधी तात्पुरते टेकू दिले आणि मग साधे चौकोनी पोलादी खांब उभे केले. दाराशेजारी उभ्या रेघांच्या काचेची अरुंद पट्टी घातली. दारापुढचा ओटा मात्र पत्नीच्या आग्रहामुळे रुंद झाला. दिवाळीत रांगोळी काढायला बसता आले पाहिजे आणि पाहुण्याने ती न तुडवता आत आले पाहिजे, हे तिचे माप होते, आणि ओट्याच्या काँक्रीटला गडद करडा रंग तिनेच निवडला. चौकटीच्या वर तोरणासाठी दोन आकडेही सुताराकडून लावून घेतले.

रंगांबाबत माझे ठाम मत झाले आहे की तांबूस विटेशेजारी शुभ्र पांढरा आणि शुद्ध काळा दोन्ही कर्कश दिसतात. आम्ही खिडक्या, खांब आणि लिंटेल यांना गडद ब्राँझ छटा दिली. ती विटेतल्या काळसर ठिपक्यांशी जुळते. गॅरेजचे दार दर्शनी भागाचा मोठा हिस्सा व्यापते, तेव्हा तेही त्याच छटेचे ठेवले, म्हणजे नजर तिथे अडकत नाही. छपरावर तपकिरी झाक असलेली करडी शिंगल्स, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पातळ चकत्या, आहेत.

शेवटी जमीन. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करून गॅस आणि विजेच्या वाहिन्या आखून घेतल्या. भिंतीला चिकटलेली झुडपे काढून माती बाहेरच्या बाजूला उतरती केली, भिंतीलगत दीड-दोन फूट खडीचा पट्टा ठेवला आणि पुढे इथलेच गवत व कोनफ्लॉवरची फुलझाडे लावली. कोपऱ्यात रेडबडचे झाड आहे. ते फार उंच होत नसल्याने बसक्या छपराला साजते. वळचणीत बसवलेले पिवळसर दिवे भिंतीच्या जवळ ठेवले आहेत, त्यामुळे रात्री उजेड विटांवरून घासत खाली येतो आणि दरजांच्या सावल्या उठून दिसतात.

मागच्या बाजूचे काम अजून बाकी आहे. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या लिंटेलमध्येही सीलंट भरलेले आहे, म्हणून थंडी ओसरली की सुरुवात तिथूनच होईल. त्यानंतर दरजा, आणि मग मागच्या अंगणात उघडणारे काचेचे दार. त्या दारासाठी निघणाऱ्या विटा फेकायच्या नाहीत, हे गवंड्याशी आधीच बोलून ठेवले आहे.